विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानाच्या मदतीने स्थानिक वन्यजीवांचा अभ्यास कसा शिकवावा?

ॲपपासून सुरुवात करू नका. आधी मुलांना प्रश्न ठरवू द्या, तोही छोटासा: शाळेच्या आवारातल्या एकाच झाडावर सकाळी कोण येतं आणि दुपारी कोण? मग मोबाइल हातात द्या.

२००८ साली सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट (सजीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ आणि ॲप) यासाठी उत्तम. फोटो टाकला की ते नाव सुचवतं, पण तो फक्त अंदाज असतो. मुलं नेमकी तिथेच थांबतात, म्हणून विचारा, ‘हे फुलपाखरूच कशावरून?’ मिशांच्या टोकाला गाठ आहे की मिशा पिसासारख्या आहेत (मग बहुधा पतंग), पंखांची खालची बाजू कशी दिसते, हे वहीत लिहायला लावा. चित्रही काढू द्या, वेडंवाकडं चालेल. आयनॅचरलिस्टवर फोटो पाहून जीव ओळखणाऱ्या लोकांपैकी २/३ हून जास्त जणांचं एकमत झालं की तारीख-ठिकाण असलेली नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. तज्ज्ञाने नाव बदललं तर मुलं खट्टू होतात. कारण विचारायला सांगा.

पक्ष्यांसाठी ईबर्ड, म्हणजे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आणि ॲप. ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, असं ते विचारतं, त्यामुळे न दिसलेला पक्षीही माहिती ठरतो.

घरटं किंवा दुर्मीळ जीव सापडला तर नेमकं लोकेशन जाहीर करायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावा.