शाप राहतो कुठे?

रावेर, कोजागरी

भो,

गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा तुझी कथा वाचली. पहिल्या दोन पानांवर केशराचे डाग पडलेत, राग मानू नकोस. माळरानावरचा लांडगा झकास उतरलाय. पण बाराव्या प्रकरणात मांत्रिक त्या नरलांडग्याचा, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाचा, बगळा करतो आणि शाप संपतो, तिथे मी अडलो.

पुढच्या पौर्णिमेला त्या बगळ्याचं काय होतं?

शाप नेमका कुठे मुरलाय हे तू ठरवलेलंच नाहीस, म्हणून उत्तर सापडत नाही. कातडीत असेल तर रूप बदललं की सुटला. रक्तात असेल तर बगळ्यालाही रक्त आहेच. आपल्या केळीचं बघ ना. हरण्या रोग आला की नवखा पिवळी पानं छाटतो, फार तर खोड कापतो. बाग चार दिवस साजरी दिसते. मग त्याच कंदातून पिल वर येतं आणि त्याच्या पानावर तेच पिवळे पट्टे. जाणता गडी झाड कंदासकट उपटून बागेबाहेर नेतो. तुझ्या मांत्रिकाने नुसती पानं छाटलीत.

महाभारतातला नल आठव. अंगात कली शिरलेला. कर्कोटक नाग डसला आणि नलाचा कुरूप बाहुक झाला. रूप बदललं, कली आतच. पण ते विष नलाला बाधलं नाही, आतल्या कलीला जाळत राहिलं. ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळाली तेव्हा कली विष ओकत बाहेर पडला. गंमत पुढेच आहे. कली गेला तरी नल बाहुकच राहिला. मूळ रूपासाठी कर्कोटकाने दिलेलं वस्त्र पांघरावं लागलं. दोन कुलपं, दोन किल्ल्या.

प्लिनी या जुन्या रोमन लेखकाने नोंदवलेल्या, ग्रीसमधल्या अर्केडियातल्या कथेत तर मांत्रिकच नाही. माणूस ओकवर कपडे टांगतो, तळं पोहून जातो, लांडगा होतो. नऊ वर्षं माणसाच्या वाटेला गेला नाही तरच परत माणूस. (प्लिनीचा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नव्हता.)

आणि आपला अश्वत्थामा? दिवाळीत लोक सातपुड्यातला अस्तंब्याचा डोंगर चढतील. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो म्हणतात. त्याचं हरीण केलंस तर हरणाच्या कपाळातून रक्त गळेल, हे कोणत्याही आजीला विचार.

तेव्हा बारावं प्रकरण फाडू नकोस, बगळा राहू दे. फक्त तापीच्या काठावर चंद्र वर येऊ दे. भूक लांडग्याची, चोच मासळीपुरती. त्या रात्री आतला लांडगा उपाशी तडफडतो की बगळ्यालाच दात फुटतात, ते तू ठरव. पण त्याचा नियम तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच सहज बोलल्यासारखा पेरून ठेव, नाहीतर वाचक म्हणेल, ऐनवेळी सुचलं.

नवीन पानं थंडीत घेऊन ये. तेव्हा भरताची वांगी चांगली असतात.

तुझा,
काका