क्यूआर कोड लावा, पण खाते कोणाचे ते आधी पाहा

प्रभूत सलाम. अर्पणाच्या थैलीत नोटा कमी होत आहेत, पुण्यात नोकरीला गेलेली मुले रोख बाळगत नाहीत, म्हणून खजिनदाराने तूर्त स्वतःच्याच खात्याचा क्यूआर कोड चर्चच्या दाराशी लावावा का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी २०२० ची चूक आठवली. लावू नका.

टाळेबंदीत उपासना बंद पडल्या, पाळकांचे मानधन थकले, तेव्हा मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, गटावर पैसे पाठवायला माझाच नंबर दिला. हेतू स्वच्छ होता. पण पुढचे चौदा महिने कोणाचा दशांश (कमाईचा देवासाठी काढलेला दहावा भाग), कोणाचे बाप्तिस्म्याचे उपकारस्तुतीचे अर्पण आणि माझ्या पुतण्याने परत केलेली उसनवारी, सारे एकाच पासबुकात उतरत राहिले. वार्षिक सभेत एका वडीलधाऱ्या सभासदाने अकराशे रुपयांच्या एका नोंदीविषयी विचारले आणि ते अर्पण होते की दुधाचे पैसे, हे मला सांगता आले नाही. माझ्यावर कोणी आळ घेतला नाही, तरी त्या दिवशीची शांतता मी विसरलेलो नाही.

मंडळीचे खाते का वापरले नाही, असे तुम्ही विचाराल. सही करणाऱ्या दोघांपैकी एक प्रभूत निजले होते, दुसरे बदलून गेले होते, आणि विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यायचा फेरफार अहवाल कित्येक वर्षे दिलाच गेला नव्हता. तो मंजूर होईपर्यंत बँक नव्या सह्या घेईना, आणि ज्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तो द्यायचा, तिथे दर खेपेला नवा कागद निघे. सातव्या खेपेला मागितलेली ठरावाची प्रत त्याच टेबलावरच्या फायलीत होती! असो. तुमच्या सह्या आधी तपासा. मी वकील नाही, हिशेबनीसही नाही, तेव्हा कायद्याचे जाणकाराकडून खात्री करून घ्या; विशेषतः अर्पणावर देणगीदाराला आयकरात सवलत (ऐंशी-जी म्हणून ओळखली जाणारी) मिळेल असे कोणाला सांगू नका, कारण केवळ उपासनेसाठी असलेल्या न्यासाला ती सहसा मिळत नाही.

आता माझे मत, पटले तर घ्या. क्यूआर कोड महिन्याच्या दशांशापुरता ठेवावा आणि रविवारची थैली फिरतीच राहू द्यावी. थैलीत कोणी दहा रुपये टाकले की पाचशे, हे शेजाऱ्यालाही कळत नाही; मोबाईलवरून आलेल्या रकमेपुढे मात्र नाव उभे असते, आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईला त्या यादीत आपले वीस रुपये दिसणे नको असते. खात्याचा उतारा दोघांनीच पाहावा. वेदीवरून नावे वाचू नयेत.

धान्याचे अर्पण तर मुळीच बंद करू नका. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये भात शिजवताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. ती रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि मोबाईल आले म्हणून मोडलेली नाही. आमच्या हंगामाच्या सणात ज्वारीची कणसे, कोंबडी, अंडी यांचा लिलाव अजून होतो, फक्त बोली जिंकणारा पैसे मंडळीच्या खात्यावर पाठवतो. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका मुलाने फोनवरून बोली लावून एक अंडे पाचशेला घेतले आणि पुन्हा लिलावाला दिले. तिसऱ्या फेरीत ते फुटले, तेव्हा अंडी टोपलीतच ठेवा.