पोअर मोठा करायच्या आधी

कॅटालिस्टच्या पोअरवरचा (आतल्या बारीक छिद्रांवरचा) तुझा पेपरचा ड्राफ्ट वाचला, मेहनत दिसते आणि मनापासून आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लगेच लिहायला बसलेय. तू सगळीकडे पोअर मोठा करायच्याच मागे लागलीयस. अगं पण कुठल्या रिॲक्शनसाठी, ते आधी ठरव ना!

झेडएसएम-5 घे, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा सच्छिद्र क्रिस्टल, झिओलाइट. त्याचे पोअर जेमतेम 0.55 नॅनोमीटरचे, आणि टोल्युईनपासून झायलीन बनवताना हा अरुंदपणाच कामाला येतो, पॅरा-झायलीन सडपातळ म्हणून भराभर बाहेर पडतं, ऑर्थो-मेटा हे झायलीनचे जाडसर आयसोमर (तेच अणू, वेगळी मांडणी) आत रेंगाळतात आणि त्यातलं बरंचसं पॅरा होऊन मगच बाहेर येतं. इक्विलिब्रियमला, म्हणजे तिन्हींचं प्रमाण स्थिरावलं की, पॅरा साधारण 24 टक्केच, पण क्रिस्टलवर बाहेरून सिलिकाचा थर चढवला की त्याच्या कितीतरी वर जाता येतं. तिथे तू मेसोपोअर, म्हणजे त्याहून बरीच मोठी छिद्रं, पाडलीस तर तिन्ही आयसोमर आरामात बाहेर, म्हणजे जे कमवायचं होतं तेच गेलं.

मॉलिक्यूल मोठा असेल किंवा कोक (कार्बनचा काजळीसारखा थर) साचून कॅटालिस्ट लवकर मरत असेल तर मात्र कॉस्टिकने डिसिलिकेशन (थोडं सिलिकॉन विरघळवून काढणं) जरूर कर, फक्त सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो 25 ते 50 मधला झिओलाइट घे. ॲल्युमिनियम जास्त असेल तर ते शेजारचं सिलिकॉन सुटूच देत नाही, फारच कमी असेल तर भलतीच मोठी भगदाडं पडतात.

आता तुझं युआयओ-66, म्हणजे झिर्कोनियमचे गुच्छ सेंद्रिय लिंकरने जोडून बनलेलं सच्छिद्र जाळं. मॉड्युलेटर (बनवताना लिंकरशी जागेसाठी स्पर्धा करणारं ॲसिड) वाढवला, रेट वाढला, आणि तू सरळ लिहून टाकलंस की पोअर मोठा झाला म्हणून. हे मला अजिबात पटलं नाही. लिंकर गळाला की जागा मोठी होते हे खरं, पण तिथेच झिर्कोनियम उघडं पडतं आणि ते स्वतःच लुईस ॲसिड साइट (इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन रिॲक्शन घडवणारी जागा) आहे, म्हणजे एका फटक्यात दोन गोष्टी बदलल्या, मग श्रेय कोणाला देणार? त्याच सॅम्पल्सवर एक छोटा आणि एक जाडजूड सबस्ट्रेट (ज्याची रिॲक्शन करायची तो मॉलिक्यूल) चालवून बघ. दोघांचा रेट साधारण सारख्याच पटीत वाढला तर ते साइट्सचं काम, मोठ्याचाच वाढला तर पोअरचं. नुसत्या बीईटीवर (गॅस शोषून मोजलेल्या पृष्ठभागावर) भागवू नकोस, टीजीएवरून (तापवताना घटणाऱ्या वजनावरून) किती लिंकर गेले तेही काढ.

आणि हो, रिॲक्शन अर्ध्यावर गरम असतानाच गाळून बघितलीस का, झिर्कोनियम द्रावणात उतरत नाहीये ना? गाळल्यानंतरही रिॲक्शन पुढे जाते का, तो ग्राफ आधी मला पाठव, पेपर पाठवायची घाई नको.