जिप्रॉक, पीओपी की जिप्सम बोर्ड?

बडोद्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सोसायटीच्या दुरुस्तीची नियमावली त्यांना मराठीत लिहायची आहे. फॉल्स सीलिंगला आणि पार्टिशनला जे पांढरट तयार तक्ते लावतात, त्यांना ‘जिप्रॉक’ लिहावं, ‘पीओपी’ (प्लास्टर ऑफ पॅरिस) लिहावं, की अमेरिकेतले नातेवाईक म्हणतात तसं ‘शीटरॉक’? शिवाय अस्सल मराठी शब्द आहे का?

‘जिप्सम बोर्ड’ लिहा. बोलताना काहीही म्हटलं तरी चालतं, कारण समोर वस्तू असते. नियमावलीत आणि कोटेशनमध्ये वस्तू नसते, फक्त शब्द असतो आणि त्याच शब्दावर पैसे ठरतात.

शीटरॉक हे यूएस जिप्सम कंपनीचं व्यापारी नाव आहे, १९१७ पासूनचं. ते इतकं रुळलं की अमेरिकेत कुठल्याही कंपनीच्या बोर्डाला लोक शीटरॉक म्हणतात. तिथला सामान्य शब्द ‘ड्रायवॉल’. ओला गिलावा न करता उभी राहणारी भिंत म्हणून ड्राय. जिप्रॉक हेही व्यापारी नावच, आज ते सेंट-गोबेन कंपनीकडे आहे. हे सगळीकडेच घडलंय: जर्मनीत रिगिप्स, स्पेनमध्ये प्लादुर, न्यूझीलंडमध्ये जिब, मेक्सिकोत तब्लारोका, ही सगळी मुळात कंपन्यांचीच नावं. इटालियन लोकांनी मात्र ‘कार्तोनजेस्सो’ असा सरळ शब्द ठेवला, म्हणजे पुठ्ठा आणि जिप्सम. बोर्डात असतं तेच: दोन बाजूंना जाड कागद आणि मध्ये जिप्समचा गाभा.

कंपनीचं नाव भाषेत किती मुरलं हे मराठीत सामान्यरूपावरून कळतं. आपण ‘डालड्यात तळलं’ म्हणतो, ‘सनमायक्याचं टेबल’ म्हणतो. हे शब्द पुरते मराठी झाले. ‘जिप्रॉकाचं’ मात्र कोणी म्हणत नाही, ‘जिप्रॉकचं’च म्हणतात. उलट ‘बोर्ड’ केव्हाच आपला झालाय. ‘बोर्डाची परीक्षा’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

‘पीओपी’ची अडचण जास्त गंभीर आहे, कारण ते कंपनीचं नाव नसून वेगळ्या कामाचं नाव आहे. जिप्सम साधारण १५० अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. त्यात पाणी घातलं की पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. म्हणून रसायनाच्या दृष्टीनं पीओपी म्हणणारा फार चुकत नाही. पण पीओपीच्या सीलिंगमध्ये कारागीर जागेवरच माल कालवून हातानं थर चढवतो, वाळायला दिवस द्यावे लागतात आणि पातळी त्याच्या हातावर अवलंबून असते. जिप्सम बोर्ड कारखान्यातून कोरडा येतो आणि जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या, सांगाड्यावर स्क्रूनं बसतो. ओलं काम फक्त जोडांपुरतं. भाव वेगळा आणि भेगांची कारणंही वेगळी. बोर्डाच्या सीलिंगला सरळ रेषेत भेग गेली तर बहुधा जोडावर कागदी पट्टी लावलेली नसते, किंवा पट्टीऐवजी नुसतं पीओपी भरलेलं असतं.

‘आर्मस्ट्राँग’चंही तेच. ते कंपनीचं नाव, पण ऑफिसांमधल्या दोन बाय दोन फुटी टाइल्सच्या कुठल्याही सीलिंगला ते चिकटलंय. तिथे ‘ग्रिड सीलिंग’ लिहा आणि टाइल मिनरल फायबरची की जिप्समची, हेही लिहा.

कोटेशनमध्ये ‘जिप्रॉक सीलिंग, २०० फूट’ एवढंच असेल तर जाडी कळत नाही, सांगाडा कळत नाही, फूट चौरस की रनिंग (नुसत्या लांबीचे) तेही कळत नाही. वाक्य असं हवं: ‘१२.५ मिमी जाडीचा साधा जिप्सम बोर्ड, अमुक कंपनीचा किंवा मालकानं लेखी मान्य केलेला समकक्ष, जीआय सांगाड्यावर, २५ मिमी ड्रायवॉल स्क्रूनं, जोडांवर कागदी पट्टी आणि जॉइंट कंपाउंडसह. मोजणी चौरस फुटात.’ कंपनीचं नाव इथे येतं ते कंपनी म्हणून. ‘लेखी मान्य केलेला’ हे शब्द गाळू नका, नाहीतर समकक्ष काय ते कॉन्ट्रॅक्टरच ठरवतो. हिशेबही मग पडताळता येतो: चार बाय सहाचा बोर्ड २४ चौरस फुटांचा, २०० चौरस फुटांना दहा टक्के तूट धरून २२०, म्हणजे दहा बोर्ड.

हिरव्या कागदाच्या बोर्डाला सर्रास ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात. तो शब्द नियमावलीत अजिबात नको. तो बोर्ड बाथरूममधली दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात शिरलं होतं. अशा वेळी बोर्डाचा कागद आणि गाभा पाणी वर ओढतात आणि पुराच्या खुणेच्याही वरपर्यंत पार्टिशन फुगतं. ‘दमटपणा सोसणारा जिप्सम बोर्ड’ असं लिहा. तळमजल्यावर खालच्या भागाला ‘सिमेंट बोर्ड’ सांगा (त्यालाही लोक कंपनीच्याच नावानं हाक मारतात) आणि बाकीच्या ठिकाणी जिप्सम बोर्ड फरशीपासून सुमारे १० मिमी वर ठेवायला सांगा. तो फरशीला टेकला की रोजच्या पोछ्याचं पाणीही पितो.

अस्सल शब्दाबद्दल. गुजरातीत जिप्समला ‘चिरोडी’ म्हणतात आणि बडोद्यातल्या मराठी घरांना तो शब्द परका नाही. पण दुकानात चिरोडी मागितली तर रांगोळीची पूड पुढे येईल. ‘चिरोडी-फळी’ घडवता येईल, आणि मला तो शब्द आवडेलही, पण मिस्त्रीला कळणार नाही. ज्या कागदावर त्याला काम करायचं आहे, त्यावर तो नको.

लिंग पुल्लिंगी ठेवा: तो बोर्ड, ते बोर्ड, बोर्डांचे जोड. ‘शीट’ लिहिलंत तर स्त्रीलिंगी, पण एकाच कागदात दोन्ही शब्द आणू नका. वाचणारा दोन वेगळ्या वस्तू समजतो आणि बिलात त्या दोनदा लागतात.