‘गोष्ट’ : एक शब्द, दोन अर्थ

‘गोष्ट’ या शब्दाचे ‘कथा’ आणि ‘बाब’ हे दोन अर्थ एकाच मुळातले आहेत, की दोन निराळे शब्द उच्चारसाम्यामुळे एकरूप झाले, असे एका वाचकाने विचारले आहे. त्याला जोडून त्यांचा आणखी एक प्रश्न आहे : स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना ‘माझी गोष्ट’ म्हणावे, ‘माझी कथा’ म्हणावे की ‘माझी कहाणी’? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शब्द एकच आहे, आणि त्याचा प्रवास कळला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे आपोआप मिळते.

संस्कृतातला ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंच्या उभे राहण्याची जागा. आपला ‘गोठा’ त्यातूनच आला. जिथे गुरे एकत्र येतात त्या जागेवरून माणसांच्या एकत्र येण्यालाही ‘गोष्ठी’ म्हटले जाऊ लागले, आणि पुढे एकत्र बसून चाललेल्या बोलण्यालाही तेच नाव मिळाले. जुन्या मराठीत याचे ‘गोठी’ असे रूप आढळते. आजचे ‘गोष्ट’ हे संस्कृत वळण अर्धेमुर्धे राखणारे रूप आहे. बोलण्याचा हा जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. ‘गुजगोष्टी’ करणारी दोन माणसे एकमेकांना कथा सांगत नसतात, ती खासगी बोलत असतात. ‘गोष्ट काढणे’ म्हणजे विषय काढणे, आणि ‘चार गोष्टी सुनावणे’ यातही गोष्टी म्हणजे बोलच.

येथून वाट दोन्हीकडे फुटते. चारचौघांत जे सांगितले जाते ती गोष्ट, हा झाला कथेचा अर्थ. आणि चारचौघांत ज्याविषयी बोलले जाते तीही गोष्ट, हा झाला ‘बाब’ हा अर्थ. हे मराठीचे एकटीचे वैशिष्ट्य नाही. इंग्रजीतला ‘थिंग’ जुन्या जर्मानिक भाषांत सभा या अर्थाने वापरला जाई, इ. स. ९३० मध्ये स्थापन झालेली आइसलंडची संसद आजही ‘अल्थिंग’ म्हणवते. सभेपुढे आलेले प्रकरण आणि मग कोणतीही वस्तू, असा त्याचा उतार. वस्तूसाठी असलेले इटालियन ‘कोसा’ आणि फ्रेंच ‘शोझ’ हे शब्द लॅटिनमधल्या ‘काउसा’वरून आले, आणि त्या शब्दाचा एक अर्थ न्यायालयातला दावा असा होता. आपला ‘पदार्थ’ही मुळात पदाचा, म्हणजे शब्दाचा, अर्थच आहे. ज्याविषयी बोलता येते त्याला अस्तित्व आहे, असे इतक्या भाषांनी एकमेकींना न विचारता ठरवलेले दिसते.

‘गोष्ठी’तले एकत्र बसणे कथेला किती आवश्यक आहे, याचा एक पुरावा भाषेबाहेरचाही आहे. पॉली विस्नर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतील कलहारी प्रदेशातल्या जुहोआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाच्या बोलण्यात कामाच्या, देण्याघेण्याच्या बाबी आणि तक्रारी यांचा भरणा होता आणि कथांचा वाटा सुमारे ६ टक्के होता. रात्री शेकोटीभोवती तोच वाटा ८१ टक्क्यांवर गेला. त्या कथा प्रामुख्याने ओळखीच्या माणसांविषयीच्या होत्या, आणि त्यांतून समोर नसलेल्या नातलगांशी असलेले संबंधही जिवंत राहत. मराठीत सांगायचे तर दिवसा एका अर्थाच्या गोष्टी चालत आणि रात्री दुसऱ्या.

‘कथा’ या शब्दाची घडण निराळी आहे. ‘कथ्’ हा धातू ‘कथम्’, म्हणजे ‘कसे’, या अव्ययावरून बनला असावा, असे मोनियर-विल्यम्स यांच्यासारखे कोशकार सुचवतात. तसे असेल तर कथा म्हणजे काय झाले याची यादी नव्हे, ते कसे झाले याचे सांगणे. मराठीत हा फरक दोन साध्या शब्दांनी दाखवता येतो. ‘मी घर सोडले, मग मला काम मिळाले’ आणि ‘मी घर सोडले म्हणून मला काम मिळाले’ या वाक्यांतल्या घटना त्याच आहेत. पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने आपण कोण आहोत हेही सांगून टाकले आहे. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच रूप, शब्दशः ‘असे बोलून’. कार्यकारणाचा सांधा आपण जोडतो तो बोलण्यानेच, आणि ‘सदाशिव म्हणून एक मुलगा होता’ असे सांगून माणसाला नाव देतो तेही त्याच शब्दाने. मराठी व्याकरणातली ही जागा मला फार मोलाची वाटते. माणसाची ओळख त्याच्या आयुष्यातल्या घटनांपेक्षा त्या घटनांमध्ये त्याने कुठे ‘मग’ घातले आणि कुठे ‘म्हणून’ घातले, यावर अधिक अवलंबून असते. वीस वर्षांनी तोच माणूस तीच हकीकत सांगताना एखादे ‘म्हणून’ काढून त्या जागी ‘तरी’ घालतो, आणि ऐकणाऱ्याला तो बदललेला वाटतो.

खऱ्याखोट्याचा निकाल मात्र या शब्दांवरून लावू नये. अमरकोशात ‘आख्यायिका’ ही माहीत असलेल्या घटनांवर आधारलेली आणि ‘कथा’ ही कल्पित रचना, असा भेद आहे. आजच्या मराठीत आख्यायिका म्हणजे ऐकीव, खात्री न देता येणारी कथा. ‘हकीकत’ हा शब्द अरबीत सत्य या अर्थाचा. मराठीत ती खरीही असू शकते आणि रचलेलीही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ‘कथा’ म्हटले की रचनेची जाणीव येते, त्यामुळे ‘माझी कथा’ किंचित औपचारिक आणि लिखित वाटते. ‘कहाणी’ कथेच्याच कुळातली, पण ‘कर्मकहाणी’ आणि ‘रामकहाणी’ यांच्या सहवासाने तिला मराठीत दुःखाची छटा आली आहे. जे सोसले ते सांगायचे असेल तर ती शोभते, एरवी उगाच कळवळा मागितल्यासारखे होते. ‘माझी गोष्ट’ साधी आहे आणि समोर कोणी ऐकायला बसले आहे असे ती गृहीत धरते, म्हणून माझा कल तिच्याकडे आहे. अनेकवचन तेवढे जपून वापरावे : ‘मी माझी गोष्ट सांगतो’ म्हणणाऱ्याचे लोक ऐकून घेतात, आणि नुसत्या ‘गोष्टी सांगणाऱ्या’ला ‘गोष्टी सांगू नकोस’ असे बजावतात.