कथालेखनासाठी कोणते पुस्तक वाचावे?

प्रश्न : माझ्या कथा 'घटना आहेत, कथा नाही' अशा शेऱ्यासह परत येतात. कोणते मार्गदर्शक पुस्तक वाचावे?

उत्तर : आपल्या अडचणीवर ई. एम. फॉर्स्टर यांचे, केंब्रिजमधील व्याख्यानांतून सिद्ध झालेले 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (१९२७) नेमके बोट ठेवते : राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट; राणी शोकाने मेली, असे म्हणताच कार्यकारणभाव येऊन कथानक उभे राहते. आपल्या कथेतील प्रत्येक 'आणि मग'च्या जागी 'म्हणून' बसतो का, हे पाहावे. पुनर्लेखनासाठी स्टीफन किंग यांचे 'ऑन रायटिंग' (२०००) वाचावे. दुसऱ्या खर्ड्यात १० टक्के मजकूर छाटण्याचा त्यातील दंडक, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कथा पाहता, सौम्यच म्हणावा लागेल.