अमेरिकेतली शहरं आणि खेडी खरंच दोन वेगळ्या जगांत राहतात का?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेत शहरातले आणि खेड्यातले लोक आपापल्या बबलमध्ये राहतात, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, असं वाचनात येतं. हे खरं आहे की टीव्हीवाल्यांनी फुगवलेलं?’

खरं आहे, आणि थोडं फुगवलेलंही आहे. मी दोन्हीकडे राहिले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मी मिरजेत शिकलेली डॉक्टर. पुढची रेसिडेन्सी, म्हणजे दवाखान्यात काम करत घ्यायचं तज्ज्ञ डॉक्टरचं शिक्षण, शिकागोत केली, जे-वन व्हिसावर. या व्हिसाची मेख अशी की शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं. त्यातून सुटायचं असेल तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी करायची. नॉर्थ डकोटा राज्याचे सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले खासदार, केंट कॉनरॅड यांनी १९९४ मध्ये ही सोय करून घेतली; आता प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. अमेरिकेतल्या अगदी आडगावात अचानक एखादे कुलकर्णी नाहीतर रेड्डी डॉक्टर भेटले, तर त्यामागे बहुधा हा कायदा असतो. २०१४ च्या जुलैत मी आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, हॉवर्ड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेजारच्या एका गावात दाखल झाले. वस्ती तीन हजार, दवाखाना २५ खाटांचा. निरोप देताना शिकागोतल्या मैत्रिणींचे चेहरे मला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखे होते.

शिकागोहून ते गाव गाडीने पाच तासांवर. तीन वर्षांत मला भेटायला किती जणी आल्या? दोन. त्यातली एक मिनियापोलिसला जाता जाता जेवायला थांबली होती.

पहिल्याच आठवड्यात एक पेशंट सांगू लागला, एलेव्हेटरवर पाय घसरला. एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट, एवढंच मला माहीत. मी विचारलं, कुठल्या इमारतीत? नर्स हसायलाच लागली. तिकडे एलेव्हेटर म्हणजे धान्य साठवायचं उंचच उंच कोठार, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. को-ऑप हा शब्द कानावर पडला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सभासद, शेअर, सर्वसाधारण सभेतली भांडणं, चेअरमनचा पुतण्या नोकरीला कसा लागला याची कुजबुज. सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. माझ्या शिकागोतल्या सहकाऱ्यांना, इथेच जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या लोकांना, मी हे सांगितलं तेव्हा त्यातल्या निम्म्यांना एलेव्हेटरचा हा अर्थ माहीत नव्हता. मका आणि सोयाबीनच्या त्या समुद्रावरून ते शेकडो वेळा विमानाने गेले होते. त्या भागाला त्यांच्यात नावच आहे, ‘फ्लायओव्हर कंट्री’, वरून उडून जायचा मुलूख.

त्याच भागात, क्रेस्को गावाजवळच्या शेतावर, १९१४ साली कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग जन्मले. त्यांच्या बुटक्या गव्हाने १९६० च्या दशकात भारताचं धान्यसंकट हटवायला मोठा हातभार लावला, १९७० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. माझ्या वडिलांना हे नाव पाठ. शिकागोतल्या आमच्या कँटीनमध्ये मी एकदा विचारून पाहिलं, एकालाही सांगता आलं नाही.

आता दुसरी बाजू. गावातल्या पेट्रोल पंपावर सकाळी सहाला निवृत्त शेतकऱ्यांचं कोंडाळं जमायचं. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरायचं. नाइट ड्यूटी संपवून मी तिथून जायची, तेव्हा प्रेमाने हाक मारून बसवून घ्यायचे आणि दर वेळी एकच प्रश्न: ‘शिकागोत रोज गोळ्या झाडतात ना? तू राहिलीस कशी तिथे?’ शिकागोत खून होतात, खोटं नाही. पण ते ठरावीक वस्त्यांत एकवटलेले आहेत, मी सहा वर्षांत एकदाही गोळीचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना पटायचं नाही. त्यांचं शिकागो टीव्हीतून आलेलं होतं.

आणि बंदुकीने माणूस दगावण्याची पहिली केस मी पाहिली ती त्या शांत गावात. आत्महत्येची. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात आणि त्यांचं प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. घराघरात शिकारीची रायफल, सर्वांत जवळचा मानसोपचारतज्ज्ञ दीड तासावर, आणि ‘आमच्यात असं बोलत नाहीत’ हा स्वभाव. कोंडाळ्यात त्या मृत्यूबद्दल ‘अपघात’ एवढाच शब्द वापरला गेला. मीही दुरुस्त केला नाही.

तर दोन्हीकडे एकमेकांची चित्रं चुकीची आहेत. पण अज्ञान सारखं नाही, आणि माझ्या मते मुद्द्याची गोष्ट हीच आहे. खेड्यातल्या माणसाचा मुलगा शहरात असतो, मुलगी शहरात असते. टीव्हीवरचा न्यायाधीश, डॉक्टर, बातमी देणारा, सगळे शहरातले. शहरातल्या माणसाला मात्र खेड्याशी काहीच कारण पडत नाही. त्याचं दूध दुकानातून येतं. रहदारी एकेरी आहे. गावातलं हुशार पोर अठराव्या वर्षी कॉलेजला जातं, तिथेच लग्न, तिथेच घर. माझ्या पेशंटांना मी विचारायची, मुलं काय करतात? उत्तरात आधी अभिमान यायचा, मग थोडा वेळ शांतता, आणि मग ‘थँक्सगिव्हिंगला येतात’, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाला. ही शांतता मी आधी ऐकली होती, माझ्याच वडिलांच्या फोनवर.

मुलं जातात कारण जमिनीला इतकी माणसं लागतच नाहीत. १९३५ मध्ये देशात ६८ लाख शेतं होती, आता १९ लाखांच्या आसपास. पीक कित्येक पटींनी वाढलं, हात कमी झाले. माणसं कमी झाली की शाळा कमी होतात. आयोवात शाळांची नावं दोन-दोन, तीन-तीन गावांची जोडून केलेली दिसतात. शाळा एकत्र केल्याची ती खूण. आपल्या गावचा फुटबॉलचा संघ शेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरी गावात विलीन झाला, ही गोष्ट सांगताना साठीतल्या एका माणसाचा आवाज फाटलेला मी ऐकला आहे. मग किराणा दुकान जातं, त्या जागी डॉलर स्टोअर, म्हणजे स्वस्त मालाचं साखळी दुकान, येतं. स्थानिक वर्तमानपत्र बंद पडतं. २००५ पासून देशभरात अडीच हजारांहून जास्त बंद पडली. ते गेलं की गावाच्या बातम्या कुणी देत नाही, उरतात फक्त वॉशिंग्टनच्या, दिवसभर ओरडणाऱ्या. रेडिओ-टीव्हीने वादाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात हा नियम १९८७ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे ओरडणाऱ्यांना रान मोकळं.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला त्या रात्री मला शिकागोहून चार फोन आले. ‘तुमच्याकडच्या लोकांना झालंय काय?’ तुमच्याकडच्या! मी तिथे जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारच्या हॉवर्ड काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना वीसहून जास्त टक्क्यांच्या फरकाने निवडून दिलं होतं आणि २०१६ मध्ये तितक्याच दणदणीत फरकाने ट्रम्पना. दोन्हीकडे एवढा मोठा फरक असलेली देशातली ती एकमेव काउंटी. फोनवरचं स्पष्टीकरण एका शब्दात होतं, वंशद्वेष. तो नव्हता असं मी म्हणणार नाही. ‘खरा डॉक्टर कधी येणार?’ असं मला तोंडावर विचारलेलं आहे. पण त्याच मतदारसंघाने एका कृष्णवर्णीय माणसाला दोनदा भरभरून मतं दिली होती, त्याचं काय करायचं, हे फोनवरच्या कुणाला सांगता आलं नाही. पंपावरच्या एकाने मला सांगितलेलं कारण असं: ‘ओबामा बदल करतो म्हणाला, झाला नाही. हा म्हणतोय मोडतोड करतो. बघू.’ विचार म्हणून मला हे धोकादायक वाटतं, आणि त्याला मी ते सांगितलंही. तो म्हणाला, ‘तुझ्याकडे गमवायला काहीतरी आहे.’

हे भांडण नवं नाही. १८९६ मध्ये शिकागोतच शेतकऱ्यांची बाजू मांडणारे डेमोक्रॅट नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन गरजले होते की तुमची शहरं जाळा, ती जादूने पुन्हा उभी राहतील. आमची शेतं उद्ध्वस्त करा, देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यांवर गवत उगवेल. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदा शहरी लोक निम्म्याहून जास्त निघाले, तर संसदेने त्या आकड्यांवर खासदारांच्या जागांची फेरवाटणीच केली नाही. अख्खं दशक तसंच काढलं. घटनेने तसं करायला सांगितलेलं असूनही.

म्हणून शहरवाल्यांची तक्रारही मला उगाच वाटत नाही. चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. २०२० मध्ये बायडन यांनी जिंकलेल्या पाचशेच्या आसपास काउंट्यांत देशाचं जवळपास ७० टक्के उत्पन्न तयार होतं. उरलेल्या अडीच हजारांत राहिलेलं. शहरातला माणूस म्हणतो, पैसा आमचा आणि राज्य त्यांचं. खेड्यातला म्हणतो, कर आमचे आणि रस्ते त्यांचे. हिशोब पाहिला तर दुसरा चुकतो. आमच्या दवाखान्याचं बहुतेक उत्पन्न मेडिकेअर आणि मेडिकेड या म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यांचं होतं, म्हणजे सरकारी पैशाचं. पंपावर मी एकदा हे बोलले. एकजण म्हणाला, ‘असेल. पण शाळा गेली ना?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गैरसमज मात्र खोडायलाच हवा: खेडं म्हणजे फक्त गोरे शेतकरी. आमच्यापासून फार लांब नसलेल्या पोस्टव्हिल गावात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून आलेल्या हसिडिक, म्हणजे कर्मठ, ज्यूंनी कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेल्या) मांसाचा कारखाना चालवला, तिथे ग्वाटेमालाचे मजूर होते. मे २००८ मध्ये कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या मजुरांना पकडायला सरकारी छापा पडला, एका दिवसात ३८९ जण पकडले गेले. गाव दोन-अडीच हजारांचं! घरमालकांपासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांचं कंबरडं मोडलं. पकडलेल्यांच्या बायकामुलांना आसरा दिला तो गावातल्या चर्चने.

आणि आपण, इथले मराठी लोक? मी आता पुन्हा शिकागोच्या उपनगरात राहते. मंडळाचा गणपती, मुलांची रविवारची मराठी शाळा, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर, वीकेंडला आळीपाळीने एकमेकांकडे जेवणं. वर्षानुवर्षं इथे राहून ‘हे अमेरिकन लोक असेच’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी ऑफिसबाहेर किती अमेरिकनांच्या घरी पाणी प्यायलंय, ते मोजायला एक हात पुरेल. आम्हाला बबल म्हणून कुणी नावं ठेवत नाही, कारण आम्ही निवडणूक फिरवत नाही.

मी तीन वर्षं भरली आणि २०१७ च्या जुलैत निघाले. एका दिवसानेही जास्त थांबले नाही. शेवटच्या आठवड्यात मक्याचं कणीस, ‘पाय’ नावाचा भट्टीतला पदार्थ, लोणचं असं कायकाय पेशंट आणून देत होते, आणि कुणीही ‘का जातेस?’ असं विचारलं नाही. जाणाऱ्यांची त्यांना सवय होती.

माझ्यासोबत काम केलेली नर्स अजून अधूनमधून फोन करते. मध्ये दवाखान्याने बाळंतपणाचा विभाग बंद केला. आयोवातल्या बऱ्याच लहान दवाखान्यांनी केला आहे. आता बायका तासभर गाडी चालवून मिनेसोटातल्या रॉचेस्टरला जातात. ती म्हणाली, ‘माझी नात झाली परवा. छान आहे. पण जन्मगाव म्हणून आमचं नाव लागलेलं शेवटचं मूल आता चौथीत आहे.’